आक्का आणि उन्हावरची गाडी

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा धाकट्याने वाद घातला नाही. रद्दीवाल्याकडून मागून आणलेला वजनकाटा त्याने अंगणात मांडला आणि एकेकाला त्यावर उभं केलं. वेल्डर चढला तेव्हा काटा अक्षरशः कण्हला. सायकलवाला श्वास रोखून, पोट आत ओढून उभा राहिला.

"पोट आत घेतलं की वजन कुठे जातं हो, पाठीत?" धाकट्याची बायको म्हणाली. तिला सगळेच वहिनी म्हणत.

शेवटी आक्काची पाळी आली. ती चप्पल काढून चढली आणि काटा जेमतेम हलला.

"आक्का, तुम्ही जेवता की नुसता वास घेता?" सायकलवाल्याने विचारलं.

"ठरलं मग," धाकटा म्हणाला. "सगळ्यांत हलकी आक्का, तीच चालवणार."

"मी? अरे, मला सायकलसुद्धा येत नाही."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नाहीत."

सगळे हसले. आक्काही हसली, पण काट्यावरून उतरायचं काही क्षण विसरली.

आक्का धाकट्याची थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला तिची एक खोली, खिडकीशी शिवणयंत्र. पँटची लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं असली कामं ती करायची. नवं कापड तिच्या हाती क्वचितच येई. माणसांची अंगं बदलली की जुने कपडे तिच्याकडे येत. कोण सुटलंय, कोण आतल्या आत झिजतंय, हे तिला घरच्यांच्या आधी कळे. पण ती कधी चकार शब्द काढायची नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप चव्हाट्यावर आणणाऱ्या शिवणारीकडे कोण फिरकेल?

तिचा नवरा बेकरीची गाडी चालवायचा. सुट्टीच्या दिवशी कधी ती शेजारी बसे आणि प्रत्येक वळणावर तिचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबे. "तुझ्या पायाखाली ब्रेक नाहीये गं," तो हसून म्हणे. एकदा तिने धीर करून विचारलं होतं, "मला शिकवता का?" तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दुसऱ्याची गाडी आहे. कुठे लागली तर काय सांगायचं?" त्याचंही खोटं नव्हतं. तो गेला त्याच आठवड्यात बेकरीचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. ती शेजारची बसायची जागाही मग राहिली नाही.

आता ही गाडीसुद्धा खरं म्हणजे दुसऱ्याचीच होती. निदान तिचा जीव तरी दुसऱ्याचा होता. गावाबाहेरच्या चढावर वर एक छोटा दवाखाना होता. त्याचं छत गळायला लागलं, तेव्हा छतावरची सोलर पॅनेल उतरवावी लागली. छत होईपर्यंत ती ठेवायची कुठे, या विवंचनेत डॉक्टरीणबाई असताना धाकटा म्हणाला, माझ्या शेडमध्ये ठेवा. पाण्याच्या पंपांवर जन्म घालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. हात स्वस्थ बसत नव्हते. शेडमध्ये पॅनेल आडवी पडलेली आणि बाहेर लखलखीत ऊन वाया चाललेलं, हे त्याला बघवेना. चार दिवसांनी तो बाईंकडे गेला.

"वापरा," बाई म्हणाल्या. "छत झालं की मात्र माझी मला परत. आणि एक ओरखडा जरी दिसला, तर तुम्हालाच दवाखान्यात भरती करून घेईन."

एवढ्या बळावर काम सुरू झालं. सायकलवाल्याने चाकं दिली, वेल्डरने जुन्या पलंगांच्या नळ्यांचा सांगाडा जोडला, धाकट्याने मोटर बसवली, आक्काने फाटक्या तंबूच्या कापडाची सीट शिवली. संध्याकाळी गवंडी यायचा. दवाखान्याचं छत तोच बांधत होता. गाडीत त्याचा जीव इतका अडकला की छताचं काम गोगलगाईच्या चालीने होऊ लागलं.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी त्याला शिडीखाली गाठलं. "इतकं सावकाश बांधकाम मी जन्मात पाहिलं नाही."

"बाई, घाई केली की छत गळतं."

"आणि उशीर केला की फ्रिजमधल्या लसी खराब होतात. शेजारच्या गावाहून रोज बर्फ आणतेय मी."

गवंड्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून त्याचे हात भराभर चालू लागले, आणि गाडीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

धाकट्याचा नियम एकच होता. काट्यावरून गेल्याशिवाय गाडीला काही लागायचं नाही. खिळा असो की वायर, आधी वजन. वहिनी काट्याशी खुर्ची टाकून बसे आणि तिच्या नजरेतून वॉशरसुद्धा सुटत नसे. लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडून त्या हलक्या केल्या. वेल्डरने जड मनाने दोन आडव्या नळ्या कापून काढल्या. "माझ्या हातचं काम असं उपाशी कधी राहिलं नाही," तो पुटपुटला.

मग ती सकाळ आली. गाडी विटांवर उचलून ठेवली होती, चाकं अधांतरी. धाकट्याने शेवटची वायर जोडली. आभाळ मळभलेलं, काहीच झालं नाही. सायकलवाला काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडतच होता, इतक्यात ढग सरकला, अंगणात ऊन पसरलं आणि मागचं चाक फिरू लागलं. आवाज नाही, धूर नाही. कुणी हात लावला नव्हता, कुणी बटण दाबलं नव्हतं.

वहिनी हळूच पुढे झाली आणि तिने पॅनेलवर पदर धरला. चाक मंदावलं. पदर काढला, चाकाने वेग घेतला.

"परत करा," वेल्डर म्हणाला. एवढा आडदांड माणूस, पण आवाज देवघरात बोलावं तसा.

मग प्रत्येकाने करून बघितलं. आक्काने सर्वांत शेवटी. तिने तळहात पॅनेलपासून वीतभर वर धरला. हाताची एवढीशी सावली पडली आणि चाकाला ती कळली. चाळीस वर्षं या उन्हात तिने कपडे वाळवले होते, उशा तापवल्या होत्या, डोक्यावर घेऊन बाजार केला होता. ते एवढं कामाचं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ढगात आधार म्हणून धाकट्याने एक जुनी बॅटरी जोडली, आणि शाळेच्या मैदानात आक्का चालवायला शिकली. पहिल्यांदा ती गाडीसकट गोलपोस्टच्या खांबाचीच भेट घेऊन आली. पण पाय शिवणयंत्रावर तयार झालेला. किती दाबायचं, कधी सोडायचं, हे पायाला लवकर उमगलं. सकाळी उठल्या उठल्या ती आभाळ बघू लागली. गिऱ्हाईक बोलत असलं तरी तिचं लक्ष खिडकीतल्या ढगाकडे.

छत पुरं झालं. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, उद्या पॅनेल पाठवा.

अंगणात सगळे जमले. शेवटी धाकटा म्हणाला, "नाहीतरी वरच न्यायचीत ना? मग टेम्पो कशाला? गाडीच घेऊन जाईल."

"आणि चढ?" सायकलवाल्याने विचारलं. मैदान सोडून गाडी अजून कुठे गेली नव्हती.

"हिशोबाने चढायला हवी."

"आणि नाही चढली तर?"

"तर टेम्पो."

आक्काला स्वच्छ कळत होतं, उद्यानंतर ही गाडी म्हणजे नुसत्या पलंगाच्या नळ्या. रस्त्यावरून, स्वतःच्या हाताने, एकदाच कुठेतरी पोहोचायचं असेल तर उद्याच. परत कधी कुणी तिला काट्यावर उभं करून गाडी हातात देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. सपाट रस्त्यावर गाडी अशी गेली की मागून चालणाऱ्यांना पळावं लागलं. चढ लागला तशी ती मंदावली, आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर थांबली ती थांबलीच. धाकट्याने वायरी तपासल्या, सायकलवाल्याने चाकं फिरवून बघितली. सगळं ठीक.

"मग घोडं पेंड कुठे खातंय?" वेल्डर म्हणाला, आणि का कोण जाणे, लगेच दुसरीकडे बघायला लागला.

आक्का खाली उतरली. सवयीने तिने सीटच्या शिवणीवरून हात फिरवला. शिवण तिची स्वतःची. कुठे किती ताण पडायला हवा ते बोटांना पाठ. एका कोपऱ्यात कापड नको इतकं ताणलं होतं. तिने आत हात घातला आणि वीट बाहेर काढली.

"ही कुणाची?"

गवंडी आभाळात पक्षी शोधत होता.

"मी तुम्हाला विचारतेय."

"चढ आहे ना, आक्का. गाडी मागे घसरली तर चाकाखाली लावायला. दोनच आहेत."

"दोन?"

मग एकेक बिंग फुटायला लागलं. वेल्डरने कापलेल्या दोन्ही नळ्या सीटखाली परत जोडल्या होत्या. "तुमच्याखाली काही तुटलं, तर मी तोंड कुठे दाखवू?" सायकलवाल्याने पॅनेलखाली पंप, टायर आणि भलामोठा पाना बांधला होता. वहिनीने, जिने वॉशर सोडला नव्हता, पाण्याची बाटली, डबा आणि छत्री दडवली होती.

"छत्री?" धाकटा ओरडला. "उन्हाच्या गाडीत छत्री?"

"ऊन गाडीला हवंय. त्यांना चक्कर आली म्हणजे?" वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही फार शहाणपणा करू नका. काल दुपारी शेडमध्ये वाकून काय बसवत होतात?"

धाकट्याने कान खाजवला आणि पत्रा उचलून जादाची बॅटरी दाखवली.

"सगळे मेले एकाच माळेचे मणी," आक्का म्हणाली, आणि गुपचूप पुढच्या खणातून आपली शिवणाची अवजड कात्री काढून ढिगावर ठेवली. ते बघून सायकलवाला रस्त्यावर बसून हसला.

रस्त्याच्या कडेला ढीग झाला. जो तो गाडी हलकी करायला निघाला होता, आणि आक्काच्या काळजीने जो तो ती जड करून बसला होता. आक्काने त्या ढिगाकडे बघितलं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, म्हणून ती उगाचच धाकट्यावर खेकसली, "आता बस का?"

वेल्डरने करवतीने नळ्या कापल्या. गाडी निघाली, थोडी चढली, परत थांबली.

धाकटा रस्त्यावर उकिडवा बसला. "मूळची बॅटरीही जुनी आहे. चढात रिकामी झाली. आता ती मदत करत नाही, नुसती अंगावर बसलीये."

"मग काढ."

"आक्का, ती काढली की गाडीला आधार काही उरत नाही. ऊन असेल तेवढंच ती चालणार. मध्येच ढग आला तर चढावर जागच्या जागी थांबेल."

"मी ब्रेक धरेन."

"आणि मग?"

"मग काय? ऊन परत येईल की. आजवर कधी यायचं राहिलंय?"

बॅटरी निघाली. वायर सरळ मोटरला जोडली. आक्का बसली, आणि गाडीने तिच्या पायाची वाटच बघितली नाही असं वाटावं इतकी ती अलगद निघाली.

भरभर नाही. शेजारून माणूस सहज चालेल एवढीच. पण थांबली नाही. वळण गेलं, टाकी मागे पडली. साखळीची बारीक कुरकुर आणि मागून येणारी पावलं, एवढाच आवाज. डोक्यावरच्या पॅनेलवर ऊन पडत होतं आणि पायाखाली रस्ता मागे सरत होता. या दोहोंच्या मधे काही नव्हतं. साठवलेलं नाही, विकत आणलेलं नाही. आत्ता पडलेलं ऊन आत्ताच चाकात उतरत होतं.

मग खालच्या रानावरून ढगाची सावली निघाली. आक्काला ती बाजूच्या आरशात दिसली. रस्ता गिळत, मागच्यांना झाकत ती चढ चढून आली आणि गाडीवरून गेली. गाडी थांबली. आक्काने ब्रेक दाबला आणि धरून ठेवला. पोटरी थरथरायला लागली. वेल्डर धावत येऊन गाडीला खांदा लावायला वाकला.

"हात लावू नका," आक्का म्हणाली.

"अहो, घसरेल."

"माझा पाय आहे ब्रेकवर. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. सगळे उभे राहिले, आभाळाकडे बघत, मोठी माणसं नव्हेत, पोरं असल्यासारखे. खालच्या बाजूने रस्त्यावर उजेडाची कड दिसली. ती चढत आली, दगडावरून दगडावर, कुणीतरी चादर हळूहळू ओढून घ्यावी तशी. आधी गाडीचं मागचं टोक उजळलं, मग आक्काचे हात. तिने ब्रेक सोडला. गाडी क्षणभर विचारात पडली, आणि पुढे झाली.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई बर्फाचा डबा हातात धरून उभ्या होत्या. गाडी समोर येऊन थांबली तरी त्यांना डबा खाली ठेवायचं सुचलं नाही.

"कशावर आली ही?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

आक्काने वर बोट केलं.

बाईंनी पॅनेलला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. पॅनेल तापलेली होती. मग त्या आक्काजवळ आल्या आणि एकदम तिचे दोन्ही हात हातात घेतले.

पॅनेल उतरवायला वेळ लागला नाही. गवंडी छतावर चढला, सायकलवाल्याने खालून पॅनेल उचलून दिलं. धाकटा गाडीच्या उघड्या सांगाड्याशी उभा होता.

"परत कुठून मिळवायची, आक्का?" तो म्हणाला.

"मिळतील तेव्हा मिळतील." तिचं लक्ष वर होतं. "नीट धर म्हणावं त्याला, वाकडं चाललंय."

चढवलेल्या पॅनेलच्या वायरी जोडल्या तशी आतून फ्रिजची घरघर सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे बर्फ दारातल्या कुंडीत ओतून टाकला. वेल्डर शेवटचं पॅनेल घेऊन शिडीवर चढू लागला, आणि शिडी त्याच्या वजनाने वाकली. आक्का गाडीतून उतरली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.