चाळीस सीटचा डायनासोर

मावशी शहर बस चालवतात. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. साहित्याची पदवी असल्यामुळे दर रविवारी एक काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मी एका जादूच्या राज्याची गोष्ट रचते आणि खालची तिघं त्यात फासे टाकून खेळतात. तिघं म्हणजे मावशी, त्यांचे यजमान शिंपीकाका आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा भाचा.

त्या आठवड्यात घर जरा तंग होतं. गुरुवारी मावशींची डोळ्यांची तपासणी होती, खात्याची, दरवर्षीची. मोतीबिंदू पिकला होता आणि मावशींना तो मान्य नव्हता. ऑपरेशन म्हटलं की त्या भांडी आपटत. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता मात्र कधी बदलत नाही. तो त्यांनी पाठ केला होता. काका शिवता शिवता घोकून घेत.

"शेवटची ओळ?"

"ठ, ग, प, र, म."

"इतकं भरभर नको. दिसतंय असं वाटू दे."

रविवारी मी सांगितलं, बसायला एकेक प्राणी निवडा. आता पृथ्वीवर नसलेला, फार पूर्वीचा. मागून राक्षस येतोय, त्याच्या आधी राजधानी गाठायची.

भाच्याने टी-रेक्स घेतला. काकांनी मॅमथ घेतला. "अंगावर लोकर आहे," ते म्हणाले, "पांघरूण न्यायला नको."

मावशींनी लांब मानेचा डायनासोर घेतला. "किती माणसं बसतात?"

"मावशी, एकटीने बसायचं असतं."

"एवढं धूड, आणि रिकामं पळवू? चाळीस सीट लिही. शेपटीवर उभं राहायचं नाही, तेही लिही."

मी लिहिलं.

पहिल्याच वळणावर भाच्याच्या टी-रेक्सने काकांचा मॅमथ खाल्ला आणि तिथेच झोपला. काका भाच्याशी बोलेनात. दोघं निमूटपणे मावशींच्या गाडीत चढले. आता तिघांची मदार त्या डायनासोरवर. आणि तो प्रत्येक गावात थांबत होता.

"मावशी, राक्षस आला!" भाचा ओरडला.

"आजीबाई चढतायत. थांबेल."

"राक्षस थांबत नसतात गं!"

"मग चढू दे त्यालाही. मागे उभा राहा म्हणावं."

मी थक्क झाले. राक्षस चढला तर काय, याचा नियमच मी केला नव्हता. चढवला.

शेवटी घाट आला. मी धुकं पाडलं. एका बाजूला दरी.

"चल," मावशी म्हणाल्या, "हा घाट माझा पाठ आहे."

भाचा शेंगदाणे खात होता. "पाठ आहे की दिसतोय?"

तो सहज बोलला होता. काकांनी एकदम छताकडे पाहिलं. मावशींनी फासा हातात घोळवला आणि खाली ठेवला.

"थांबव."

"कोणाला?" मी विचारलं.

"डायनासोरला. सगळ्यांना उतरव."

"मावशी, राजधानी समोर आहे! जिंकतोय आपण!" भाचा म्हणाला.

"माझ्यामागे चाळीस माणसं बसलीत. उतर तूही."

सगळे उतरले. राक्षससुद्धा, कुरकुरत.

गुरुवारी आम्ही सगळेच गेलो. मावशींनी तक्त्याच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "पुढचं दिसत नाही."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या काकांना राहवलं नाही. ते दारातून पुटपुटले, "ठ, ग, प..."

"तुम्ही गप्प बसा हो! बस तुम्ही चालवता का?"

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. भांडी शांत आहेत. काकांच्या डोक्यातून मात्र तक्ता जात नाही. परवा गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना त्यांनी "ठ" लिहून ठेवलं.

मावशींनी मला बजावलं आहे, की त्या डोळे घेऊन परत येईपर्यंत डायनासोर घाटाखालीच उभा राहील. त्याला पाला घालायचं काम माझं. राक्षसाने आजीबाईंचं सामान सांभाळायचं.

मी रोज पाला घालते.