आईच्या दिव्याचं तेल

देवीचा अनुभव सांगा म्हटलं की ऐकणारे आधीच हात जोडून बसतात. माझं सांगणं तसं हात जोडून ऐकण्यासारखं नाही, कारण ते सांगताना मला अजूनही संताप येतो. रेणुकाआईवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, आणि या प्रसंगानंतर ती वाढलीच. पण तिच्या नावावर माणसं काय काय खपवतात ते मी माझ्या डोक्यावर भोगलं आहे. त्यामुळे श्रद्धा आणि संताप दोन्ही माझ्या मनात एकाच घरातल्या जावांसारख्या नांदतात. कधी कोण वरचढ होईल सांगता येत नाही, आणि आज संतापाची पाळी दिसते.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव धावड्याच्या बाजूचं, भोकरदन तालुक्यातलं. मोठा दवाखाना म्हणजे जालन्याला, आणि जालना आम्हा बायकांना काशीइतकंच लांब. माझी चंद्री नुकती बोबडं बोलायला लागली होती. ज्वारीची खळी उरकली आणि मी अंथरूण धरलं. मुदतीचा ताप तो, पुन्हा पुन्हा उलटणारा. चढायचा, उतरायचा, पण सोडायचा नाही. हकीमजींनी पुड्या दिल्या, पातळ पेज पाजा, अंग पुसून घ्या, म्हणून बजावलं. पुड्या मला मिळाल्या. बाकीचं माझ्या सासूनं, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, आपल्या मनानं ठरवलं. माझ्या पोटावर चार लाल पुटकुळ्या दिसल्या आणि त्यांनी सांगून टाकलं की हा ताप देवीचा आहे. आमच्याकडे गोवर-कांजिण्या निघाल्या की घरात आई आली असं मानतात. मग फोडणी बंद, तेल बंद, फणी बंद, डोक्याला पाणी बंद. तो रिवाज मलाही ठाऊक होता, मीही पाळला असता. पण तो पाळायचा असतो चार-आठ दिवस. माझ्या बाबतीत तो महिनोन् महिने चालला, कारण ताप उतरला नाही तोवर आई गेली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आता माझ्या केसांचं काय झालं असेल ते कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. माझे केस दाट, गुडघ्याला टेकणारे. तापाचा घाम यायचा, वाकळीवर डोकं घासायचं, वेणी तशीच आवळलेली. त्यात जो येईल तो अंगारा आणायचा आणि माझ्या टाळूवर चोळायचा. कुणी नारळाचं पाणी शिंपडलं, कुणी हळद लावली, कुणी लिंबाचा पाला केसांत खोवला तो तिथंच वाळला. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या डोक्यावर काहीबाही ठेवून जायच्या. घोटभर पेज घेऊन यायचं मात्र एकीलाही सुचलं नाही. शेवटी ताप गेला. मी भिंतीला धरून उभी राहिले, मानेमागे हात घातला, तर केस म्हणून काही हाताला लागेना. घोंगडीचा वळलेला तुकडा असावा तसा एक गोळा मागे लोंबत होता. आत अंगारा, पाला, हळद सगळं थापलेलं. मला खरं तर हसूच आलं. मी म्हटलं, ‘‘आत्याबाई, वाटीभर तेल द्या, ह्यो पसारा आवरते.’’

आत्याबाई पाठीमागे आल्या, बघितलं, आणि मटकन खाली बसून त्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकवलं. ‘‘आई आली वं! जट आली!’’

दिवस मावळायच्या आत अर्धं गाव आमच्या अंगणात. ज्या बाईच्या डोक्यात जट येते ती देवीनं मागून घेतलेली असते, असं आमच्याकडे मानत. तिनं मग संसार करायचा नाही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, दारोदार जोगवा. तिला आराधीण म्हणतात. आणि जट कुणी सोडवायची नाही, कापायची तर मुळीच नाही, नाहीतर घरातलं लेकरू जातं. हे शेवटचं वाक्य माझ्या उंबऱ्यात उभं राहून प्रत्येक बाईनं न चुकता म्हटलं. माझ्या पायांना हळद-कुंकू लागलं, पण चंद्रीला माझ्याजवळ कुणी येऊ देईना. माझं अंथरूण पडवीत टाकलं. पोर ‘माय, माय’ करत यायची की तिला कुणीतरी उचलून आत न्यायचं, कारण देवीच्या माणसाच्या मांडीत मळकं लेकरू बसू नये म्हणे. स्वतःच्या पोटची पोर मला मळकी होणार होती का? पाया पडायला मी देवी, आणि माझं लेकरू मागितलं की मी कुणीच नाही.

मालकांशी बोलायला मी पडवीतून हाक मारली. ते आले आणि लांब उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण आईच्या शब्दाबाहेर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. खाली मान घालून म्हणाले, ‘‘आईनं तुला मागून घेतलं, मंग म्या कसा आडवा येऊ?’’

‘‘कोणत्या आईनं मागितलं? रेणुकाआईनं का तुमच्या आईनं?’’

ते तसेच वळून घरात गेले. पुढं कळलं की त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला कुणीतरी धावड्याला जाऊनही आलं होतं. बिलकुल उशीर नको होता कुणाला! तुम्हीच तेल बंद केलंत, तुम्हीच फणी लपवलीत, तुम्हीच माझ्या डोक्यावर मूठमूठ राख थापलीत, आणि त्यातून जो गुंता झाला तो मात्र देवीनं केला. मी ओरडून ओरडून हे सांगितलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, अंगात आलं.

कुणी विचारेल, मग स्वतः का नाही सोडवलास? प्रयत्न केला. हात वर धरायची ताकद नव्हती, आणि कोरडा केस ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कापून टाकणं सोपं होतं, विळा आढ्याला खोचलेलाच होता. एकदा मी तो हातात घेतलाही. पण पडवीच्या पलीकडे चंद्री खोकली आणि माझा हात थांबला. खोटं आहे, सगळं खोटं आहे, असं मन सांगत होतं. तरी खोटं नसलं तर? त्या बायकांनी उंबऱ्यात म्हटलेलं वाक्य माझ्याही हाडात शिरलं होतं. लोकांचा राग करणं सोपं असतं. आपल्या आत बसलेल्या त्यांच्या भीतीचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही. मी विळा परत खोचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ढसाढसा रडले.

पौर्णिमेला मला माळ घालायची ठरली. पिंपळगाव रेणुकाईच्या देवळात, आईच्या पुढं. बैलगाडीत पुढं मालक, मागं मी, आणि आत्याबाईंच्या मांडीवर चंद्री, कारण तिला घरी ठेवायला मागे कुणी नव्हतं. आत्याबाईंच्या हातात आईच्या दिव्यासाठी करडीच्या तेलाची बुधली होती. रस्ताभर पोर माझ्याकडे हात करत होती आणि त्या गालाला गाल लावून तिची समजूत काढत होत्या. मला वाटलं गाडीतून उडी टाकावी. पण उडी टाकून जाणार कुठं?

देवळात मी आईपुढं उभी राहिले आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडले. आजवर मी तिच्याकडे मागतच आले होते, त्या दिवशी जाब विचारला. म्हटलं, तुला मी हवी असेन तर मला सांग. यांच्या तोंडून नको, माझ्या तोंडावर सांग. तू सांगितलंस तर मी या पावली परडी उचलते. पण तू नाही म्हणत असशील तर यांना आवर, माझ्याच्यानं आता होत नाही. आईचा शेंदूर लावलेला मुखवटा होता तसाच शांत. ना फूल पडलं, ना घंटा वाजली. मला तिचाही राग आला, आणि मी पाठ फिरवून बाहेर दीपमाळेच्या सावलीत येऊन बसले.

माळ घालायचा मान जुन्या आराधिणीचा. त्या दिवशी देवळात एकच होती, अनोळखी, लांबून चालत आलेली. टाचा भेगाळलेल्या, लुगडं ठिगळाचं, आणि कमरेखाली उतरलेली जट दोरासारखी खांद्यावरून पुढं घेतलेली. आत्याबाईंनी तिला आधी जेवू घातलं. तिनं भाकर-कोरड्यास पोटभर खाल्लं, हात धुतले, आणि माझ्यामागे येऊन बसली. ‘‘बघू पोरी,’’ म्हणाली. बोटं गोळ्यात घातली, दाबून पाहिलं, वास घेतला. मग विचारलं, ‘‘डोस्क्याला तेल कवा लागलं व्हतं?’’

मी सांगितलं. तापापासून पुढचं सगळं सांगितलं. ती आत्याबाईंकडे वळली. ‘‘बाई, ही जट न्हाई. गुता हाय नुसता. आजारी माणसाच्या डोस्क्याला हात लावला न्हाई की असंच व्हतंय. म्या माळ घालणार न्हाई.’’

आत्याबाई चवताळल्या. ‘‘सगळ्या गावानं बघितलंय! आईचा कोप झाला, लेकराला काही झालं, मंग?’’

‘‘हात म्या लावून राह्यले. कोप आला तं मह्यावर यिल. आन तेल.’’

‘‘ते आईच्या दिव्याचं हाय!’’

‘‘दिव्याला कमी पडलं तं आई मला इचारंल,’’ ती म्हणाली आणि बुधली त्यांच्या हातातून काढून घेतली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला ऐकू आला तो राग माझ्याच जातीचा होता. तो फार जुना होता एवढाच फरक.

आईच्या दिव्याचं तेल तिनं माझ्या डोक्यावर ओतलं. गोळ्याच्या आतपर्यंत मुरेपर्यंत थांबली. नंतर टोकाकडून सुरुवात केली, मुळाकडून नाही. एक बट बोटांनी मोकळी करायची, मुळाशी दुसऱ्या हातानं घट्ट धरायची, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. जिथं बोट शिरेना तिथं मालकांकडून पोती शिवायचा दाभण मागून घेतला आणि त्याच्या बोथट बाजूनं गाठ उकलली. दाभण देताना मालकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. पाला निघाला, राखेचे खडे निघाले, मेलेल्या केसांचे पुंजके निघाले. तापानं केस मुळातूनच सुटले होते, अर्धे तर गेलेच. ऊन दीपमाळेच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं. मधेच मी तिला विचारलं, ‘‘माय, तुमची जट कशी आली?’’

तिची बोटं थांबली. ‘‘म्या लहान व्हते. मलाबी ताप आल्ता,’’ ती म्हणाली. ‘‘मला कुणी तेल लावून बघितलंच न्हाई.’’ आणि पुन्हा कामाला लागली.

एवढंच बोलली ती. मी पुढं काय विचारणार होते? तिच्या मांडीवर डोकं होतं माझं, आणि तेल कानामागून गळ्यात उतरत होतं की डोळ्यांतलं पाणी, मला कळत नव्हतं.

सगळा गुंता सुटला तेव्हा तिनं चंद्रीला हाक मारली. आत्याबाईंच्या हातातून पोर सुटली आणि धावत आली. आराधिणीनं तिला माझ्या मांडीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘बघा. हाय का काही झालं लेकराला?’’ पोरीनं माझे तेलकट केस मुठीत धरले आणि ओढले. इतकं दुखलं आणि इतकं बरं वाटलं! आत्याबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मी त्यांना माफ केलं का? खरं सांगायचं तर त्या दिवशी नाही केलं. पण गाडीत बसताना त्यांनी चंद्रीला परत मागितलं नाही, आणि घरी गेल्यावर जवस उकळून त्याचा चिकट रस गाळून त्यांनीच माझ्या डोक्याला चोळला. कोरडे केस त्यानं मऊ होतात, असं जाताना आराधिणीनं सांगितलं होतं. धावड्याची मुलगी धावड्यातच राहिली.

पुढच्या पौर्णिमेला मी लुगडं-चोळी घेऊन तिला शोधायला गेले. ती तिथं नव्हती. नंतरही कधी दिसली नाही, आणि ती कुठली हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून लोक म्हणतात, ती बाई नव्हतीच, खुद्द रेणुकाआई होती. हात जोडतात आणि मोकळे होतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आईनंच तिला त्या दिवशी तिथं बसवलं, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. मी भांडून पाठ फिरवली आणि उत्तर बाहेर माझी वाट पाहत बसलं होतं. पण ती बाईच होती. तिला भूक होती, तिच्या टाचांना भेगा होत्या. तिला देवी करून टाकलं की तिच्या डोक्यावर ती जट कुणी ठेवली, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून मी विचारत राहते. दर पौर्णिमेला होत नाही आता, गुडघे धरतात, पण जमेल तेव्हा जाते. आईच्या पायांवर डोकं ठेवते. माझं काही मागणं उरलेलं नाही. जे दिलं ते तिचं, जे नेईल तेही तिचं. तेवढी शरण मी कधीच गेले आहे. डोकं टेकलेलं असतानाच म्हणते, आई, मला सोडवलंस, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आता त्या बाईचं सांग.