भुताच्या पिक्चरआधीचं गाऱ्हाणं

भुताला घाबरणारी माणसं जगात पोत्याने सापडतील, पण भुताचा पिक्चर लावण्याआधी ग्रामदेवतेला रीतसर गाऱ्हाणं घालणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आणि रिटायर झाल्यावर आमच्या शेजारच्या घरात एकटाच राहिला. पिक्चरचं वेड मात्र दांडगं. त्यातही भुताचे आणि मारामारीचे एवढेच त्याला मान्य. प्रेमाच्या पिक्चरात म्हणे पुढे काय होणार ते आधीच कळतं. "आणि भुताच्या पिक्चरात?" असं विचारलं की म्हणायचा, "तिथेही कळतं हो भावजी, पण म्हणून घाबरायचं राहतं थोडंच!"

भुताचा पिक्चर तो दुपारी चारलाच बघायचा, तोही सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. रात्री का नाही? "मध्येच भूक लागली तर स्वयंपाकघरात जायचं कोणी?" एकट्याने तर तो दुपारीही बघत नसे. म्हणून दर रविवारी आम्ही चौघे त्याच्या माजघरात जमायचो. तो, मी, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि मिरकरवाड्याचे इसाकभाई. इसाकभाईंनी आखातातून येताना आणलेला भिंतभर टीव्ही त्यांच्याच घरात मावेना, म्हणून तो इथे लागला होता. सगळे बसले की मेहुणा टीव्हीसमोर नारळ ठेवायचा, आणि 'पुढे सरका' ओरडून कमावलेल्या आवाजात सुरू करायचा, "बा देवा भैरीबुवा, बारा वाड्यांच्या राखणदारा! आज ही तुझी चार लेकरं पिक्चरला बसलीत रे महाराजा!"

आम्ही एका सुरात, "व्हय महाराजा!"

"पडद्यावरचं भूत पडद्यातच राहू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"हिरोच्या मारामारीत ज्या गरिबाची भाजीची गाडी उलटंल, त्याचं नुकसान भरून दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि आम्हां चौघांतलं कोणी मध्येच उठून जाऊ नये रे महाराजा!"

हे शेवटचं मास्तरांसाठी असे. ऐन भूत दिसायच्या वेळी मास्तरांना नेमकं मोरीत जायचं असायचं. इसाकभाई आमच्या 'व्हय महाराजा'मागे हळूच 'आमीन' जोडायचे, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त.

एकदा मास्तरांनी शंका काढली, की हे भूत इंग्लिश, ते आपल्या भैरीबुवाचं ऐकणार कसं? इसाकभाई म्हणाले, "अहो, मी तिकडे मुकादमाला मराठीत शिव्या घालायचो, बरोबर कळायच्या त्याला." मेहुण्याने निकाल दिला, "राखणदाराला भाषा कशाला हवी? तो काठी आपटतो." पिक्चर सुरू झाल्यावरही हा गप्प बसेल तर शपथ! हिरॉईन अंधारात जिना चढायला लागली की हा खुर्चीतून ओरडे, "अगो बाय, लाईट लाव आधी!" हिरो वीसवीस जणांना लोळवत असताना याचं लक्ष भाजीवाल्याकडे. "तो बघा भावजी, एकटाच टोमॅटो गोळा करतोय. बघतंय का कोणी मेल्याकडे?"

मग आमची बैठक मोडली. मास्तर गेल्या दिवाळीनंतर झोपेतच गेले. इसाकभाईंना मुलाने मस्कतला नेलं. आणि नातवाला सांभाळायला आम्ही नवराबायको डोंबिवलीला आलो. निघताना मेहुण्याने पिशवीत फणसपोळी कोंबली आणि म्हणाला, "जावा, जावा. मी आता मारामारीचे बघेन." पण तेही त्याने बघितले नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचा, "वेळ कुठे मिळतो?" दिवसभर पडवीत बसून रस्त्याकडे बघणाऱ्या माणसाला वेळ मिळत नव्हता! टीव्हीवर चादर टाकलीय, असं शेजारणीने कळवलं तेव्हा बायको जेवता जेवता रडली. इकडे ये, म्हणून मी हजारदा सांगितलं. "तिथे भैरीबुवाची हद्द नाही," एवढंच उत्तर. मला त्याची फार आठवण यायची. इथे माझ्याशी पिक्चरवर बोलणारं तरी कोण होतं?

गेल्या रविवारी दुपारी चारला त्याचा फोन आला. "भावजी, चादर काढलीय. भुताचाच लावतोय. फोन ठेवू नका." मी काही बोलायच्या आत त्याने सुरुवात केली. आवाज तोच, जरा बसलेला. "बा देवा भैरीबुवा! आज तुझं एकच लेकरू पिक्चरला बसलंय रे महाराजा!"

हॉलमध्ये सुनेच्या मैत्रिणी चहा घेत होत्या. मी पुटपुटलो, "व्हय महाराजा."

"ऐकू नाय आलं!"

"व्हय महाराजा!" मी ओरडलो. मैत्रिणींचे कप हातातच राहिले.

"आम्हां चौघांतले जे उठून गेले, ते असतील तिथे सुखी असू देत रे महाराजा!"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही दोघांनी फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने 'व्हय महाराजा' म्हटलं. मग इसाकभाईंच्या वाटचं 'आमीन'ही मीच म्हटलं.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बसा भावजी," तो म्हणाला. "आता मध्येच उठू नका."