सुलतानचं पहिलं पाणी

चाकूरच्या आमच्या गल्लीत नागाबाईंना न भिणारं कोणी नाही. बावीस वर्षं त्यांनी शाळेत खिचडी शिजवली, दोनशे पोरं नुसत्या डोळ्यांच्या धाकावर ओळीत बसवली. अशा बाईनं साठी उलटल्यावर एका बोक्यापायी दिराशी वाकडं घ्यावं, हे मी शेजारी राहून पाहिलं म्हणून सांगते.

बोका साधासुधा नव्हे. मेन कून जातीचा, नऊ किलोंचा, मानेला आयाळ, शेपूट केरसुणीएवढी. नागाबाईंची लेक करिश्मा हैदराबादला नोकरी करते. तिच्या घरमालकानं कटकट केली, तेव्हा तिनं तो आईकडे आणून सोडला. नाव सुलतान. दुधाचं त्याला फारसं नव्हतं. वेड होतं पाण्याचं. तांब्या कलंडवायचा, बादली ढवळायचा, भांडी धुताना धारेखाली डोकं धरायचा. आणि आमच्याकडे नळ येतो आठ दिवसांनी!

भांडण पेटलं ते हौदावरून. नागाबाई आणि त्यांचे धाकटे दीर सटवाजी यांचं अंगण एक, हौदही एकच. वर पत्रा झाकला तरी सुलतान तो सरकवायचा आणि पुढचे दोन्ही पाय पाण्यात बुडवून बसायचा. एकदा सटवाजींच्या तांब्यात बोटभर लांब केस निघाला.

"वहिनी, हे मांजर हाय का म्हैस? येत्या नळाला यानं हौदात पाय घातला, तर पोत्यात घालून निलंग्याच्या शेतावर सोडून येतो. सांगून ठेवतो."

नागाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मालक गेल्यापासून घरात बोलायला तेवढा सुलतानच होता, आणि तो गेला तर आपलं कसं व्हायचं, हे त्यांनी माझ्याजवळ उघड बोलून दाखवलं.

सटवाजींनी आधी आपला इलाज करून पाहिला. ओट्यावर कुत्र्यांनी घाण करू नये म्हणून आपण निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतो ना, तशा अकरा बाटल्या त्यांनी हौदाभोवती मांडल्या. कुत्री त्यांना भितात की नाही, ते कुत्र्यांनाच ठाऊक. सुलतान मात्र जाम खूश. एकेक बाटली पाडायची, पंज्यानं लोळवायची आणि आतलं निळं पाणी डचमळताना बघत बसायचं. दिवसातून दोनदा हौदावर येणारा बोका आता तिथून हलेना. गल्ली हसून बेजार, सटवाजी लालबुंद.

नागाबाई हसल्या नाहीत. बराच वेळ बोक्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शाळेत जे पोरगं खिचडीच्या भगुन्यात हात घालायचं, त्याला म्या कधी हाणलं न्हाई. त्याचं ताट आधी भरायची, मंग ते गप बसायचं. ह्याला सोताचं पानीच न्हाई, तर दुसऱ्याच्या पान्यात हात घालनारच की."

नळाचा दिवस उजाडला. गल्ली घागरी घेऊन दारात. पाणी आलं आणि नागाबाईंनी नळी हौदात न सोडता एका मोठ्या परातीत सोडली.

"माणसाच्या आधी बोक्याला पानी?" सटवाजी ओरडले.

"हाव. पाच मिनटं. मंग तुमचा हौद."

परात भरली. नळी हौदात गेली, आत धो धो आवाज झाला आणि सुलतान उठला. कठड्यावर चढून त्यानं मान आत घातली. सटवाजींनी पोतं उचललं. नागाबाईंनी हाक मारली नाही. फक्त परातीतलं पाणी बोटांनी हलवलं. सुलताननं एकदा हौदाकडे पाहिलं, एकदा परातीकडे, आणि धप्पकन उडी मारून तो परातीत जाऊन बसला. तासभर नळ चालला, पठ्ठ्या जागचा हलला नाही. हौद काठोकाठ भरला, पाण्यात एक केस नाही.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. नागाबाई कमरेवर हात ठेवून अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. एवढ्या ऐटीत मी त्यांना शाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. परातीतलं पाणी संध्याकाळी कढीपत्त्याला घातलं, म्हणजे तेही वाया गेलं नाही.

पुढच्या नळाला सटवाजी सकाळीच घरातून बाहेर आले, ते त्यांच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ छातीशी धरून. कोणाकडे न बघता त्यांनी ते नळीखाली ठेवलं.

"परात लहान पडती त्याला," ते म्हणाले. "आधी हे भरा, वहिनी."