औरंगपुऱ्यातल्या इमारतीचं वय

"मॅडम, तीनशे वर्षं लिहा," दिलीपराव म्हणाले. "शंभर वर्षांच्या तर आमच्या गावात म्हाताऱ्याबी हायेत."

औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दुमजली इमारतीत आम्ही छताकडं बघत उभे होतो. खाली त्यांचं साड्यांचं दुकान, वर भाडेकरू. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची दुरुस्ती करते. बोलावलं होतं गळतीसाठी. पण गळती राहिली बाजूला. दिलीपरावांना दुकानाच्या दर्शनी भागावर लावायला इतिहास हवा होता.

मी वर बोट दाखवलं. लोखंडी गर्डर, आणि दर दोन गर्डरच्या मधे विटांची उथळ कमान. याला आम्ही जॅक आर्च म्हणतो. सिमेंटचे स्लॅब सर्रास टाकायला लागण्याआधी अशी छतं करत.

"हे गर्डर आगगाडीनं आलेत," मी म्हणाले. "म्हणजे इमारत शहरात आगगाडी आल्यानंतरची. निजामाच्या काळातली, शंभरीच्या थोडी पुढची. तुमच्या आजोबांनी ज्या कापड व्यापाऱ्याकडून विकत घेतली, त्यानंच बांधली असणार. काम उत्तम आहे."

"निजाम नका लिहू. यादव चालंल."

"यादव सातशे वर्षांपूर्वीचे. त्यांच्याकडं लोखंडी गर्डर नव्हते."

"कुणी बघितलंय?"

मी लिहून दिलं नाही. त्यांचं काही अडलं नाही. पंधरवड्यात दुकानावर पितळी अक्षरं झळकली: 'तीनशे वर्षांची ऐतिहासिक वास्तू'. उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांनी भाषणात तीनशेचे चारशे केले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

त्या फोटोनं घोळ केला. महापालिकेची हेरिटेज समिती तेव्हा जुन्या इमारतींची यादी करत होती. समितीचे दोन सदस्य दुकानात येऊन चौकशी करून गेले. दिलीपरावांनी त्यांना शाली घातल्या, पेढे दिले. यादी म्हणजे काहीतरी पुरस्कार असतो अशी त्यांची समजूत होती. पाहुणे जाताच मला फोन.

"मॅडम, यादीत नाव आलं की काय मिळतं?"

"मिळत काही नाही. इमारत पाडता येत नाही. दर्शनी भाग बदलायचा तरी परवानगी लागते."

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली.

रेंज का गेली ते वरच्या मजल्यावर कळलं. रज्जाकभाई तिथं शेरवान्या शिवतात. त्यांच्या वडिलांचंही दुकान याच खोलीत होतं. गळतीचे फोटो काढायला मी वर गेले, तर ते मशीन थांबवून म्हणाले, "मॅडम, दिलीपसेठ ने बिल्डर से बात कर ली. ये तोड के पांच मंजिल का कॉम्प्लेक्स बनाते बोले. मेरे को वाळूज में जगह देते बोले. वाळूज में कौन शेरवानी सिलाता? वहां सब कंपनी का युनिफॉर्म पहनते."

ते हसले, पण हात मशीनवरच घट्ट होता. त्या हाताकडं बघितल्यावर मला त्या पितळी अक्षरांची गंमत वाटेना.

दोन दिवसांनी दिलीपराव स्वतः माझ्या ऑफिसात आले. आजवर मीच त्यांच्याकडं जात होते.

"मॅडम, तुमचंच खरं होतं. इमारत काय एवढी जुनी नाय. पन्नासेक वर्षांची असंल."

"आजोबांनी सत्तर वर्षांपूर्वी विकत घेतली म्हणालात ना? बांधायच्या आधीच?"

त्यांनी मुद्दा बदलला. "बरं, मग धोकादायक हाय असं तरी लिहून द्या. पडली तर माणसं मरतील. माझा जीव तुटतो हो."

माणसं मरतील म्हटल्यावर तपासणं भागच होतं. मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन दोन दिवस इमारत ठोकून, खरवडून बघितली. गर्डर ठणठणीत होते. एकच कोपरा गंजला होता. त्याच्या बरोब्बर वर, गच्चीत, दिलीपरावांनी पाण्याची भलीमोठी टाकी ठेवली होती, ती गळत होती. शिवाय त्यांनी चुन्याच्या भिंतींना वरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. चुना ओल बाहेर टाकतो, सिमेंट ती आत कोंडतं. म्हणून भिंती फुगल्या होत्या.

अहवालात मी लिहिलं: इमारत मजबूत आहे. टाकी धोकादायक आहे.

दिलीपरावांनी तो वाचला आणि म्हणाले, "म्हणजे मीच धोकादायक म्हणा की."

मी नाही म्हणाले नाही.

समिती पाहणीला आली तेव्हा पितळी अक्षरांवर बेडशीट टाकलेली होती. दिलीपराव सदस्यांना समजावत होते, "साहेब, जुनं-बिनं काय नाय. ते आपलं जाहिरातीपुरतं. पन्नास वर्षांची साधी बिल्डिंग हाय."

रज्जाकभाई गळ्यात टेप घालून जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "साब, पिछले महिने ये तीन सौ साल की थी. आज पचास की हो गई. ऐसाच चला तो दिवाली तक इसका पायाच नहीं खुदा रहेगा."

सदस्य हसले. दिलीपरावांनाही हसावं लागलं. मग मी सगळ्यांना छताखाली नेलं आणि जॅक आर्च दाखवले. त्या कमानींपुढं वयाबद्दल कुणी घासाघीस केली नाही.

इमारत यादीत आली, खालच्या श्रेणीत. बिल्डर दुसरीकडं गेला. टाकी उतरवली, सिमेंट खरवडून पुन्हा चुना केला, गळती थांबली. रज्जाकभाई होते तिथंच आहेत. काम चाललं होतं तोवर दिलीपराव माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर उभी असताना गवंड्याला म्हणायचे, "मॅडमला सांग, चहा आलाय."

वर्षभरानं त्यांचा फोन आला. गारखेड्यात नवीन बंगला बांधायचा होता.

"जुना वाटला पायजे मॅडम. कमानी, लाकडी खांब, सगळं. आल्यागेल्याला वाटलं पायजे, शंभर वर्षं झाली याला."

"आणि उद्या पाडावासा वाटला तर कुणाची परवानगी लागायला नको."

"व्हय! आता तुम्हाला बरोब्बर कळालं."

मी काम घेतलं. पण तेव्हापासून कुठल्याच मालकाला इमारतीचं वय विचारत नाही. त्या जागेवर पुढं काय करायचंय, तेवढं विचारते. तो वय किती सांगणार, ते त्यातच कळतं.