शैलाताई फॉल-पिको

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. कोटाच्या खिशात लंडनच्या ट्यूब रेल्वेची जुनी तिकिटं साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस खिसा फाटतो. आज माझा फाटलाय, तेव्हा चहा घ्या आणि ऐका. नावं सगळी बदललेली आहेत, माझं सोडून. माझं बदलून काही उपयोग नाही, आवाजावरून ओळखाल.

आमचं काम काय, तर घरात मार खाणाऱ्या, कोंडून ठेवलेल्या बायकांच्या बाजूने उभं राहायचं. पोलीस, सॉलिसिटर, कौन्सिल, शाळा, सगळीकडे त्यांचं मराठी-हिंदी इंग्रजीत न्यायचं आणि तिकडचं इंग्रजी इकडे आणायचं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. हॅरोजवळ एका ड्रायक्लीनरच्या वर आमचं ऑफिस होतं, दाराला मुद्दाम पाटी नव्हती. मॅनेजर मॉरीन. तीस वर्षं याच कामात, आणि डोळ्यांत पाणी आलं की बिस्किटांचा पुडा फोडायची.

नवरे मोबाइल तपासायचे, म्हणून माझा नंबर सेव्ह करताना मी प्रत्येकीला एकच नाव सांगायची, 'शैलाताई फॉल-पिको'. साडीला फॉल लावणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार? मला सुईत दोरा ओवता येत नाही आणि ओवून दिला तरी पुढचं काही येत नाही, हा भाग वेगळा.

*

मंडळाच्या गणपतीत स्टॅनमोरच्या एका डॉक्टरांच्या मिसेस भेटल्या. मी काय करते ते ऐकून म्हणाल्या, “आपल्या लोकांत नसतं हो असलं काही.” मी म्हटलं, “नसेल.” उगाच प्रसादाच्या रांगेत वाद कशाला? माझं कार्ड मात्र त्यांनी पर्समध्ये टाकलं.

मंगळवारी त्यांचा फोन. “एका मैत्रिणीसाठी विचारतेय हं.” आमच्याकडे स्वतःसाठी कुणी फोन करतच नाही, या देशातल्या सगळ्या मराठी बायकांना एकेक दुर्दैवी मैत्रीण आहे. मी चाळीस मिनिटं मैत्रिणीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मैत्रिणीला शुक्रवारी अकराला येता येईल का?”

“अकराला नको हो,” त्या म्हणाल्या, “माझं फिजिओ असतं.”

मी डायरीत साडेबारा लिहिले. मैत्रीण वेळेवर आली.

*

आता स्वाती. नागपूरची, राहायला मिल्टन कीन्सला. गाडी येत नाही, आणि त्या गावात गाडी न येणं म्हणजे पायच नसणं. नवरा आयटीत. मुलीची शाळा आणि डॉक्टर सोडून कुठे एकटीने जायची परवानगी नाही, म्हणून दवाखान्यातल्याच एका खोलीत मी आणि मॉरीन तिला भेटलो.

आमचा एक फॉर्म असतो. धोका किती आहे ते त्यावरून ठरतं. पहिलाच प्रश्न, तुम्हाला भीती वाटते का? मी विचारला. स्वाती म्हणाली, “भीती कसली? नवरा आहे तो.” मॉरीनने पेन उचललं, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. आपल्या बायकांना भीतीबद्दल सरळ विचारायचं नसतं, घरकामाबद्दल विचारायचं असतं. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकवलं.

“ते घरी यायच्या वेळेला तू काय करत असतेस?”

“काही नाही. टीव्ही बंद करते, गरम लागला तर कळतं म्हणून अर्धा तास आधीच. चपला ओळीत लावते. फोनवरचे नंबर पुसते. गार्गीला वर पाठवते आणि हसायचं नाही म्हणून सांगते.” गार्गी तिची मुलगी, सहा वर्षांची. “मग गाडीचा आवाज आला की पोळी टाकते.”

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. मॉरीनने न विचारता 'हो'वर खूण केली आणि बॅगेतून पुडा काढला.

तिची खरी अडचण वेगळीच होती. ईस्टरच्या सुट्टीत गार्गीला नागपूरला आपल्या आईकडे कायमचं ठेवून यायचं, असं नवऱ्याने ठरवलं होतं. स्वातीला मुलीला घेऊन निघायचं होतं, पण पासपोर्ट घरात ठेवून नाही, नाहीतर कधी ना कधी तो मुलीला विमानात बसवणार. पासपोर्ट होते नवऱ्याच्या बॅगेत. बॅगेच्या कुलपाचा नंबर तिला ठाऊक होता, त्याचीच जन्मतारीख. पण ती घराबाहेर पडताना तो तिची पर्स, कोट, मुलीचं दप्तरसुद्धा तपासायचा.

“काढता येतील हो,” ती म्हणाली. “दाराबाहेर कसे नेऊ?”

त्याच विचारात घरी येताना मी दोन राउंडअबाउटांवर वळण चुकले.

*

तोवर बाकीची कामं थोडीच थांबतात? बेसिंगस्टोकच्या एका घरी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. मी फोनवरून दुभाषी. आमचा नियम असा की जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

बाईंच्या ओठातून रक्त येत होतं, आणि त्यांनी पोलिसांना आधी चहा दिला, मग चिवडा. पोलीस नवऱ्याला न्यायला लागले तशा बाई म्हणाल्या, “त्यांना जेवून जाऊ दे म्हणावं. वरणभात गरम आहे.”

मी सांगितलं. मग पोलीस म्हणाला, “त्यांना सांगा, आमच्याकडे जेवण मिळेल.”

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, “तिखट चालत नाही म्हणावं त्यांना.”

तेही सांगितलं. काय करणार, नियम म्हणजे नियम. वर्षभराने त्याच बाई आमच्या ऑफिसात चहा पिताना हे आठवून इतक्या हसल्या की ठसका लागला. “तो शेवटचा वरणभात हो शैलाताई,” म्हणाल्या, “आता मी भात लावतच नाही, पास्ता करते.”

*

घर सोडून निघताना काय घ्यायचं त्याची मॉरीनने यादी केली होती. पासपोर्ट, जन्मदाखला, औषधं, मुलांचं एक खेळणं. मी तिचं मराठी केलं. तरी एक बाई आल्या त्या प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि पोळपाट घेऊन. पासपोर्ट घरीच.

मी जराशी चिडले. “अहो, यादी दिली होती ना?” त्या म्हणाल्या, “पासपोर्ट काय, दुसरा मिळतो. हा कुकर आता मिळत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बायकांच्या आसऱ्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि नऊ बायका, अकरा मुलं आगीची घंटा समजून गवतावर जाऊन उभी राहिली. परत आली ती वासामागोमाग. खिचडी पुरली नाही.

*

आणि मग मार्चात, एका संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. स्वातीचा नंबर, आवाज पुरुषाचा.

“शैलाताई फॉल-पिको का?”

मी म्हटलं, “हो, बोला की.”

“हिच्या फोनमध्ये तुमचा नंबर पाहिला. खरंच फॉल लावता का?”

“म्हणजे काय? पंधरा वर्षं लावतेय.” देव मला माफ करो.

तो पारखत होता. तेवढ्यात मागून स्वातीचा आवाज आला, अगदी सहज, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. “सहा साड्या आहेत म्हणावं. माझ्या लग्नातल्या. नुसत्या पडून आहेत, शनिवारी किराण्याला तिकडे जातोच आहोत.”

शनिवारी स्टॅनमोर स्टेशनबाहेर मी उभी, आणि शेजारच्या गाडीत मॉरीन. तो उतरला, डिकीतून पिशवी काढली. स्वाती आणि गार्गी गाडीतच. त्याने माझ्यासमोर पिशवीतल्या साड्या बोटाने मोजल्या. सहा. मग हिरव्या साडीची घडी उचकायला लागला.

खिडकीतून स्वाती म्हणाली, “घडी मोडू नका हो, इस्त्री तुम्ही करणार आहात का?”

त्याने घडी सोडली. “बारीक टाके घाला,” मला म्हणाला. “हिला साधा फॉलसुद्धा लावता येत नाही.”

ते गेल्यावर मॉरीनच्या गाडीत बसून मी हिरवी साडी उलगडली. आत दोन पासपोर्ट, गार्गीचा जन्मदाखला आणि एक चिठ्ठी. “ताई, सोमवारी शाळेच्या वेळेला निघते. साड्या आईने दिलेल्या आहेत. फॉल खरंच लावा. हिरवीला आधी.” मॉरीनला वाचून दाखवली. दोघी मिळून अख्खा पुडा संपवला.

आता शब्द पाळायला नको? रविवारभर बसून मी आयुष्यातला पहिला फॉल लावला. बोटं चाळण झाली.

सोमवारी अकराला स्वाती आम्ही शाळेपाशी पाठवलेल्या टॅक्सीने ऑफिसात आली. एका हातात गार्गी, दुसऱ्या हातात दप्तर, बाकी काही नाही. मॉरीनने तिला मिठी मारली. दोघींना आसऱ्याच्या घरी घेऊन जाणारी गाडी चारला येणार होती. मी अभिमानाने हिरवी साडी तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने काठ उलटून पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिला.

“ताई,” ती म्हणाली, “फॉल पदराला लावलाय तुम्ही.”

आधी गार्गी हसली. हसून झाल्यावर घाबरून आईकडे बघायला लागली, तर आईही हसत होती.

मी साडी घाईघाईने मागे ओढली. म्हटलं, “राहू दे ग, मी करते नीट, तू दमली असशील.”

स्वातीने खुर्ची पुढे ओढली आणि साडी मांडीवर घेतली.

“कात्री द्या इकडे,” ती म्हणाली. “आज मला कुठे घरी जायची घाई आहे?”