मुक्या पिक्चरात बाई काय बोलल्या

माझी शाळा दुसरीपर्यंत. मी सांगते, नात लिहून घेते. आमच्या गावात खाडीच्या वाटेवर ज्याला त्याला भूत दिसायचं. मी त्याच वाटेनं पहाटे मिठागरावर जायची... मला कधी काय दिसलं नाय. म्हनून असल्या गोष्टींना मी हसायची. पन ही एक हाय, तिला हसता येत नाय.

नवरा काविळीनं गेला तेव्हा पारू माझी लहान होती. तापात तिचे कान गेलेले. गावात पोट भरंना, मग पनवेलला येऊन एका बाईंकडं धुनीभांडी धरली. बाई म्हंजे पिक्चरमधल्या. बोलपट यायच्या आधीच्या — पडद्यावर आवाज नाय, नुसते ओठ हलायचे. त्यांची आई गानारी, म्हनून पोर पिक्चरात गेली. चांगल्या घरच्या बायका तेव्हा तिकडं जात नसत. बाईंनी घोडे पळवले, किल्ल्याच्या तटावरून उड्या मारल्या, त्यात एक पाय कायमचा अधू झाला. मग बोलपट आला. बाईंचा आवाज घोगरा. एकदा माईकसमोर उभं केलं, परत बोलावलंच नाय.

"गोदे, मुकी होते तोवर रानी होते," बाई बोलायच्या. "तोंड उघडलं आन् घरी बसले."

पारूशी मात्र त्या आवाज न काढता बोलायच्या. नुसत्या ओठांनी, सावकाश. पोर तोंडाकडं बघून सगळं समजायला लागली. बाईंनी ओठ हलवले की ही उठलीच! माझं काय तेवढं ऐकायची नाय.

एकदा भाताच्या गोदामात सिनेमावाले आले. त्यांचा मालक बाईंकडं आला, "बाई, तुमचा जुना पिक्चर गावलाय. दुपारी लावतो, चला."

"माझं मढं बघायला मी नाय येत," बाई बोलल्या. "पारूला न्या. मी काय बोलते ते तिला तरी कळंल."

आमी दोघी गेलो. बायकांना मागं बसवायचे, बाजूनं आडपडदा लावून, मशीनच्या शेजारीच. म्होरं एक मानूस काठी घेऊन गोष्ट सांगत होता — "आता रानी राजाला विनवते..." पडद्यावर बाईंचं तोंड आलं. तरनं, डोळ्यांत पानी. ओठ हलत होते.

पारू ताडकन उठली. माझा पदर धरून ओढायला लागली. मी चापट मारली, तरी सोडंना. आमच्या शेजारी बसलेली बरकी नावाची बाय बोलली, "ने गो, पोरीला लागली असंल." लाजंनं उठले आन् भायेर आले.

अंगनात तिला दोन रट्टे देनार, तर पोर तिच्या तुटक्या बोलीत सांगते, "बाई... पारू ऊठ. आयेला घेऊन भायेर जा."

मी बोलले, "बाई घरी हायेत गो!" तेवढ्यात आतून किंकाळ्या. मशीनमधली फिल्लम पेटली होती. ती जुनी फिल्लम घासलेटासारखी जळते म्हनं. मशीनवाला भाजला, बरकीचा हात भाजला. आमी बसलो होतो तिथं छपराची लाकडी बल्ली जळत पडली... आमच्या चटईचा कोळसा झाला.

घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी पारूला जवळ ओढलं.

"गोदे, त्या सीनला मी काय बोलले ते मला ठाव हाय," त्या बोलल्या. "डायरेक्टर बोलला, रडत रडत कायपन बोल. मी बेचा पाढा म्हटला. दुसरं कायपन नाय. आन् पारू तेव्हा कुठं होती?"

पिक्चर तर जळून गेला, बघायचं कुठं? बाईपन दोन पावसाळ्यांनी गेल्या. पारूला आता नातवंडं हायेत. तिला कधीपन विचारा, तेच सांगते, एक शब्द इकडचा तिकडं नाय. जावई बोलतो, पोरीला भास झाला. असंल बाबा. मी अडानी, मी काय भांडू? पन भास आगीच्या आधी कसा झाला, एवढं कोनाला ठाव असंल तर सांगा.